घरातला पहिला डॉक्टर व्हायचंय? मुंबईतल्या पोरांसाठी अकरावीपासून इंटर्नशिपपर्यंतचा रस्ता

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी पप्पा वाशी मार्केटवरून आले, डबा मोरीत ठेवला आणि विचारलं, "मग आता डॉक्टर झालीस ना तू?" मला हो पण म्हणता येईना आणि नाही पण, कारण पुढे नेमकं काय असतं ते मलाच धड माहीत नव्हतं. पप्पा माथाडी कामगार, शाळा सातवीपर्यंत. आई पोळीभाजी केंद्र चालवते, दहावी नापास, हिशोब मात्र माझ्यापेक्षा पक्का. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या अख्ख्या गल्लीत मेडिकल म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान आठवायचं.

आता इंटर्नशिप चालू आहे, आणि एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट एकच. डॉक्टरांच्या घरातली पोरं आपल्यापेक्षा हुशार असतात असं काही नाही हो, पण त्यांना जे जेवता जेवता कळतं ते आपल्याला रांगेत उभं राहून कळतं, आणि बहुतेक वेळा तारीख उलटून गेल्यावर. त्यामुळे कुठल्या टप्प्यावर कोणाला काय विचारायचं, हेच सगळं इथे लिहितेय. फी आणि तारखा दरवर्षी हलतात, तेवढं मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचंच.

अकरावी: अभ्यासाच्या आधी कागद

हे ऐकून सगळे हसतात, पण रिझर्व्हेशनमधून जाणार असाल तर अकरावीतलं सगळ्यात मोठं काम फिजिक्स नाही, जात वैधता आहे, म्हणजे ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात ते. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हेच आमच्या घरी कोणाला माहीत नव्हतं. आईने दाखला लॅमिनेट करून ठेवलेला, झालं ना काम, असं वाटत होतं.

आपल्यासारख्या चाकरमान्यांच्या घरात अजून एक गोची असते. दाखला तुम्ही आज राहता तिथून मिळत नाही, ठरलेल्या तारखेला तुमचं घराणं जिथे राहत होतं तिथल्या प्रांत ऑफिसातून मिळतो, आणि व्हॅलिडिटीची समितीपण त्याच जिल्ह्याची (एसटींची मात्र विभागाप्रमाणे). ओबीसींसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७, एससींसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि व्हीजेएनटींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे त्याच्या आधीचा, जात लिहिलेला, वडिलांकडच्या कोणाचा तरी कागद शोधायचा. आजोबांचा शाळेतल्या रजिस्टरचा उतारा सगळ्यात भारी चालतो, नाहीतर जन्म-मृत्यूची जुनी नोंद वगैरे.

आम्ही त्यासाठी रात्रीच्या एसटीने राजापूरला गेलो. गावच्या शाळेतलं रजिस्टर एका लोखंडी ट्रंकेत होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या, गुरुजी एकेक पान नखाने सोडवत होते. आजोबांचं नाव सापडलं तेव्हा पप्पांनी चप्पल काढून हात जोडले, मला आधी कळेना काय झालं. नाव होतं, जात होती, पण आडनावाच्या जागी गावावरून पडलेलं दुसरंच आडनाव. मग त्याचं प्रतिज्ञापत्र, वंशावळीचं वेगळं, काकांच्या मुलाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली निघाली म्हणून वाचलो, नाहीतर अजून दोन फेऱ्या होत्या. तर आधी नात्यात विचारा, वडिलांकडून कोणाला मिळालीय का. काखेत कळसा असतो आणि आपण गावभर वळसा घालतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि ज्युनियर कॉलेजचं पत्र जोडायचं असतं, सायन्सला आहात तोवर ते पत्र सहज मिळतं, म्हणून बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

बाकीचे कागद त्या मानाने सोपे. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर किंवा ईडब्ल्यूएस. हे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत होतात. उपनगरात राहत असाल तर अंधेरी, कुर्ला, बोरिवली यातलं आपलं तहसील कुठलं ते बघा, आणि कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत असाल तर शहर जिल्हा, त्याचं कलेक्टर ऑफिस फोर्टला ओल्ड कस्टम हाऊसमध्ये. नॉन क्रिमिलेयरवर ३१ मार्चची तारीख असते, ती पुढच्या वर्षीची आहे ना हे डोळे उघडून वाचा.

आणि हे अधोरेखित करा: ऑल इंडिया कोट्यासाठी (म्हणजे देशभरातल्या पोरांसाठी ठेवलेल्या जागा) ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, आणि जातपण केंद्राच्या यादीत असावी लागते. मला हे काउन्सेलिंगच्या, म्हणजे जागावाटपाच्या वेळी कळलं, ऑल इंडियाचा फॉर्म जनरलमधून भरला, विषय संपला. दोन्ही नमुने एकाच फेरीत काढून घ्या.

सगळं एका फाईलमध्ये, प्रत्येकाचं मोबाईलवर स्कॅन, आणि दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच आधारवर, बँकेत, सगळीकडे. एका अक्षरावरून घोडं अडतं.

नीट, आणि क्लासचं काय

सगळ्यांना माहीत आहे तेवढं पटकन: १८० प्रश्न, ७२० मार्क, १८० मिनिटं. बायोलॉजीचे ९०, फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ कापतात. अॅडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असावी लागतात, वरची वयाची अट नाही, किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ओपनला ५० टक्के आणि रिझर्व्हला ४० टक्के लागतात, तेव्हा नीटच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवू नका, तसं करून फसलेला एक मुलगा माझ्याच बॅचला होता क्लासमध्ये.

मराठी मीडियमवाल्यांनो, पेपर मराठीतपण असतो. फॉर्म भरतानाच भाषा निवडायची, मग पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं, भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरतात. मी मात्र इंग्रजीतच दिली आणि मला ते बरं वाटतं, कारण एमबीबीएसला गेल्यावर सगळं इंग्रजीतच येतं, अकरावी-बारावीची दोन वर्षं त्या शब्दांशी झटापट झालेली असली की पुढे धाप कमी लागते. पण शाळेत कायम मराठी आणि अकरावीत एकदम फेफे उडालीय असं असेल तर मराठीतून द्या, सीट महत्त्वाची.

क्लासबद्दल माझं मत जरा कडू आहे. आमच्याकडे एका मोठ्या क्लासवाल्याने आईला दोन तास बसवून सांगितलं की दोन वर्षांचं पॅकेज घेतलं नाही तर मुलीचं वाटोळं होईल. आई मंगळसूत्र मोडायला तयार झाली होती, शप्पथ. मी घेतला तो स्टेशनजवळचा छोटा क्लास, फक्त फिजिक्सचा, आणि टेस्ट सिरीज वेगळी. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, बायो तर ओळ न् ओळ त्यातूनच करायचं, चित्राखालच्या बारीक अक्षरांसकट. आयआयटी कानपूरचं साथी नावाचं पोर्टल आहे, तिथे नीटचे व्हिडिओ आणि टेस्ट फुकट. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीतले असाल तर महाज्योती ही सरकारी संस्था दहावीनंतर अर्ज मागवते, त्यात ऑनलाइन क्लास आणि टॅब मिळतो. एससींनी बार्टी आणि मराठा मुलांनी सारथी या तसल्याच संस्थांकडे त्या वर्षी काय चालू आहे ते बघत राहायचं. दहावीचा निकाल लागला की हे बघायला सुरुवात करा, कारण या जाहिराती येतात आणि जातात, आपल्याला पत्ताच नसतो.

जागेचं म्हणाल तर दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, कुकर आणि धाकटा भाऊ, अभ्यास कुठे करणार. मी गणपती मंडळाच्या अभ्यासिकेत बसायचे, सकाळी सहाला गेलं की पंख्याखालची जागा मिळायची. तिथे बहुतेक पोरं एमपीएससीवाली, पण त्यांच्याकडून बसण्याची सवय लागली. पुस्तकं माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरून जुनी घ्या, निम्म्याहून कमी पैशात होतं.

परीक्षेच्या दिवसाचं एक खास मुंबईकरांसाठी. नीट रविवारी असते, दुपारी २ ते ५, आणि दीड वाजता गेट बंद होतं म्हणजे होतंच. रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी रेल्वेची घोषणा बघा आणि सेंटरला आदल्या रविवारी एकदा जाऊन या, त्याच वेळेला. हाफ बाह्यांचे साधे कपडे, बूट नाही, चप्पल. मी माझ्या मॉक टेस्टपण दुपारी २ लाच द्यायचे, जेवणानंतर झोप येते ना त्या वेळेला, आणि ओएमआर काळ्या बॉलपेनने प्रत्यक्ष काळं करून.

निकालानंतरचा महिना: इथेच सीट जातात

मार्क बघू नका, रँक बघा. २०२४ ला वरचे मार्क ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिला आला त्याला ६८६ होते. त्यामुळे "मागच्या वर्षी एवढ्याला केईएम मिळालं होतं" या वाक्याला काही अर्थ नाही. मागच्या वर्षीच्या राउंडच्या याद्या काढा आणि तुमच्या कॅटेगरीत शेवटचा रँक कितीला थांबला ते बघा.

नीटचा फॉर्म भरला म्हणजे अॅडमिशनचा फॉर्म भरला असं नाही, आणि हे न कळल्यामुळे दरवर्षी कोणीतरी घरी बसतं. निकालानंतर दोन वेगळी रजिस्ट्रेशन करायची. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी स्टेट सीईटी सेलच्या साइटवर, आणि सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के ऑल इंडिया जागांसाठी एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीच्या साइटवर. डीम्ड युनिव्हर्सिट्यापण एमसीसीकडूनच भरतात. राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाईल आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. पूर्वी विभागाप्रमाणे ७०-३० होतं, ते २०२० ला गेलं, त्यामुळे मुंबईतल्या पोरांना मुंबईत झुकतं माप वगैरे काही नाही आता, लातूरचा मुलगा आणि आपण एकाच रांगेत.

मुंबईतली सरकारी आणि पालिकेची कॉलेजं किती जणांना धड सांगता येतात? भायखळ्याचं ग्रँट म्हणजे जेजे, १८४५ चं. परळचं जीएस म्हणजे केईएम, १९२६. मुंबई सेंट्रलचं टोपीवाला म्हणजे नायर, १९२१. सायनचं लोकमान्य टिळक, १९६४. जुहूचं कूपर, २०१५ पासून. आणि जीटी-कामाचं नवीन, २०२४ ला ५० जागांनी सुरू झालं. पलीकडे कळव्याला राजीव गांधी आहे. (जेजेच्या पहिल्या बॅचमधून १८५१ ला जे बाहेर पडले त्यात भाऊ दाजी लाड होते, गोव्याहून आलेल्या साध्या घरातले. राणीच्या बागेतल्या म्युझियमवर नाव आहे तेच. त्यांनाही घरी विचारायला कोणी डॉक्टर नसणार.)

पसंतीक्रम भरताना मनातला खरा क्रम भरा. "वरचं मिळणार नाही म्हणून खालचं आधी टाकते" असं करायचं नाही, कारण यंत्र वरून खाली बघत येतं आणि तुमच्या रँकला जे पहिलं मोकळं दिसेल ते देतं, वरती मोठी नावं टाकल्याने खालचं काही जात नाही. मी सायबर कॅफेत नाही भरला, ताईच्या लॅपटॉपवर भरला, लॉक करायच्या आधी प्रिंट काढून रात्रभर जवळ ठेवली, सकाळी दोन कॉलेजं वरखाली केली, मग लॉक. मिळालेली सीट ठेवायची की पुढच्या राउंडला जायचं, सोडली तर डिपॉझिट जातं का, हे प्रत्येक राउंडला वेगळं असतं. त्या दिवशी पुस्तिकेतलं ते पान वाचल्याशिवाय बटण दाबू नका, क्लासमधल्या मित्राला विचारून तर अजिबातच नाही.

या महिन्यात फोन येतात. "सीट करून देतो, थोडं अॅडव्हान्स." मॅनेजमेंट कोटापण याच राउंडमधून भरतो, खासगी कॉलेजची फी किती घ्यायची ते फी नियामक प्राधिकरण ठरवतं आणि साइटवर टाकतं. कोणालाही एक रुपया द्यायचा नाही. पप्पांच्या ओळखीतल्या एकाने असे पैसे दिले, मुलगी शेवटी बीएससीला गेली आणि पैसे अजून यायचेत.

नंबर नाही लागला तर एक वर्ष ड्रॉप घेणं काही पाप नाही, पण घरात बसून दुसरं आणि तिसरं वर्ष घालवण्याआधी विचार करा. बीडीएस, बीएएमएस (वरळीचं पोदार सरकारी आहे), बीएचएमएस, फिजिओथेरपी हे सगळं याच नीटवर मिळतं. बीएससी नर्सिंगची राज्याची सीईटी वेगळी, तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. परदेशात एमबीबीएस करायचं ठरवलंत तर परत येऊन परीक्षा पास व्हावी लागते आणि कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून असावा लागतो, एजंट हे शेवटी सांगतो.

पैसे

सरकारी किंवा पालिकेचं कॉलेज मिळालं तर अर्धी लढाई जिंकलात. उरलेली महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर. तिथे एकाच लॉगिनमधून सगळ्या योजना दिसतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेत निम्मी फी येते, आणि मुलींना २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीत कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. माझ्या वेळी नव्हतं हे, जळते मी ज्युनियर्सवर. मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारी राउंडमधून झालेली अॅडमिशन लागते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. एससी, एसटी, व्हीजेएनटी यांच्या पोस्ट मॅट्रिक आणि फ्रीशिप योजना वेगळ्या आहेत. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि सरकारी हॉस्टेल न मिळालेल्यांसाठी एससींना स्वाधार, एसटींना स्वयं, ओबीसी-व्हीजेएनटींना सावित्रीबाई फुले आधार. माथाडी, बांधकाम कामगार, घरकामगार असे आईवडील असतील तर त्यांच्या मंडळाकडेपण मुलांच्या शिक्षणाचं काही आहे का ते विचारा. पप्पांना वीस वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी फॉर्म वेळेत भरला, कॉलेजच्या क्लार्कने पुढे पाठवला, मंजूरपण झाला, पैसे काही येईनात. सहा महिने मी विचारते, ते म्हणतात वरून येतील. शेवटी कळलं की आधार ज्या खात्याला जोडलेलं होतं ते आईने शाळेत असताना काढलेलं खातं, केव्हाच बंद पडलेलं. आधार फोन नंबरला लिंक असणं वेगळं आणि बँक खात्याला सीड असणं वेगळं. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय" हेच शब्द वापरा. आणि फॉर्म दरवर्षी रिन्यू करायचा असतो, आपोआप होत नाही.

तरी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. बँकांच्या ठरलेल्या योजनेत ४ लाखांपर्यंत आपल्या खिशातून हिस्सा टाकावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. मॅनेजर घराचे कागद मागायला लागला तर हे सांगा, नाहीतर लेखी नकार मागा, आवाज लगेच बदलतो.

वस्तूंवर मात्र उधळू नका. स्टेथो आणि एप्रन सोडून पहिल्या दिवशी काही नवीन घ्यायचं नाही. हाडांचा सेट, पुस्तकं सगळं सीनियरकडून मिळतं, एससी मुलांसाठी बुक बँक योजना आहे, आणि रेल्वेचा कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसमधून घ्यायचा. मुंबईचा पत्ता असला की हॉस्टेलच्या यादीत नंबर मागे जातो हे गृहीत धरून पासचा हिशोब करा.

पहिलं वर्ष: माणसं जोडा

फर्स्ट एमबीला अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी देहदान केलेल्या माणसाबद्दल शपथ घेतात, सगळे गंभीर, आणि मग फॉर्मालिनने डोळ्यातून असं पाणी येतं की रडतंय कोण आणि झोंबतंय कोणाला कळत नाही. त्या दिवशी डब्यातली मटकीची उसळ मला खाता आली नाही, चौथ्या दिवशी मी तिथून येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

घाबरवतं ते प्रेत नाही, इंग्रजी. आणि शेजारी बसलेली ती मुलगी जिचे आई, बाबा, मामा सगळे डॉक्टर, जिला प्रोफेसरांची नावं आधीच माहीत असतात. मी दोन महिने लेक्चरला शेवटच्या बाकावर बसले, काही विचारलं तर मान खाली. पहिल्या इंटर्नलला अॅनाटॉमीत आपटले. मग एका सरांनी व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत सांगितलं, "मराठीत सांग, येतंय का बघू." आलं की सगळं! ते म्हणाले, म्हणजे विषय येतोय, शब्द येत नाहीत, ते आठ आठवड्यांचं काम आहे. मग मी छोटी वही केली, शब्द कुठून आलाय त्याप्रमाणे तोडून: हायपो म्हणजे कमी, आयटिस म्हणजे सूज, एक्टमी म्हणजे कापून काढणं. आणि रोज ट्रेनमध्ये मैत्रिणीला एक उत्तर इंग्रजीत तोंडी सांगायचं, लोक बघायचे, बघू देत.

मदत मागायची कशी, हेपण शिकावं लागतं आपल्याला, कारण घरी शिकवण काय तर कोणाला त्रास देऊ नको. नवीन अभ्यासक्रमात प्रत्येकाला मेंटॉर शिक्षक नेमलेले असतात, कागदावर सगळ्यांना, जातात मात्र चारच जण. जा. सीनियरला मेसेज करताना "मॅडम गाइड करा ना" असं लिहू नका, त्याला काय उत्तर देणार कोणी. असं लिहा: "मॅडम, मी फर्स्ट इयरची, भांडुपवरून येते. अॅनाटॉमीत पहिल्या इंटर्नलला नापास झालेय. तुम्ही अप्पर लिंब कशातून केलंत आणि जुन्या व्हायव्हाचे प्रश्न आहेत का? लंच ब्रेकमध्ये दहा मिनिटं येऊ का?" मला या एका मेसेजवर हाडांचा सेट, तीन वह्या आणि पुढची चार वर्षं पुरलेली एक मैत्रीण मिळाली.

नियमातल्या दोन गोष्टी पक्क्या ठेवा. हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के, लोकल लेट हे कारण चालत नाही. फर्स्ट एमबी जास्तीत जास्त चार प्रयत्नांत आणि सगळा कोर्स नऊ वर्षांत. एकदा सप्ली (नापास झाल्यावरची फेरपरीक्षा) लागली म्हणजे जग बुडत नाही, पण ऑफिसला जाऊन पुढची तारीख त्याच आठवड्यात लिहून घ्या.

रॅगिंग झालं, जातीवरून टोमणे, कोट्यातली म्हणून हसणं, हे सहन करायचं नसतं. १८००-१८०-५५२२ ही देशभराची अँटी रॅगिंग हेल्पलाईन, नाव न सांगताही तक्रार घेतात. तारीख, वेळ, कोण होतं ते त्याच रात्री लिहून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा. आणि झोप उडाली, रडू थांबत नाही, नको ते विचार येतायत असं झालं तर टेलिमानस, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. शिवाय कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये सायकियाट्रीची ओपीडी आपल्याच बिल्डिंगमध्ये असते. मी थर्ड इयरला गेले होते, केस पेपर काढून, रांगेत बसून. कोणी काही म्हटलं नाही.

वॉर्डात गेल्यावर पारडं फिरतं

क्लिनिक्स सुरू झाल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथले आहोत. मेडिसिनच्या वॉर्डात एक आजी, इंग्रजी शाळेतल्या बॅचमेटने विचारलं, "आजी, दर्द कैसा है?" आजी म्हणाल्या, "दुखत नाय बाय, ठणकतंय." तो लिहितोय नुसतं 'pain'. आता ठणका वेगळा, कळ वेगळी, मुरडा वेगळा, चमक वेगळी, जळजळ वेगळी. ठणका म्हणजे आत काहीतरी नाडीसारखं उडतंय, पू असू शकतो. मुरडा म्हणजे पिळवटून येतो आणि जातो. पुस्तकात या प्रत्येकाला वेगळा इंग्रजी शब्द आहे आणि परीक्षेत तोच विचारतात. आपल्याला हे सगळं आजीच्या पोटदुखीपासून माहीत असतं, फक्त जोडी लावायची. मी एक पान भरून अशा जोड्या लिहिल्या होत्या, फायनलला मेडिसिनच्या केसमध्ये त्याच उपयोगी पडल्या.

वॉर्डातल्या मावशी, मामा आणि सिस्टर यांच्याशी नीट बोला. कुठली ट्रॉली कुठे, कुठल्या सरांचा राउंड किती वाजता, रक्त काढताना शीर सापडत नसेल तर काय करायचं, हे त्यांच्याइतकं कोणी शिकवत नाही.

घरच्यांनापण सांभाळावं लागतं. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून दाखवा, नाहीतर दर गणपतीत "अजून शिकतेच का?" चालू राहतं. सेकंड इयरपासून नातेवाईक रिपोर्ट घेऊन यायला लागतात. औषध सांगायचं नाही, रजिस्ट्रेशन नाही आपलं. पण कुठल्या ओपीडीला, कुठल्या वारी, किती वाजता रांग लावायची आणि कुठले जुने कागद न्यायचे, एवढं सांगितलं तरी काकांचं अर्धं काम होतं.

शेवटचा टप्पा

इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन, संपल्यावर कायमचं. सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांना एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे, त्यालाच बाँड म्हणतात, नाही केली तर दहा लाख भरावे लागतात. आपल्या घरात दहा लाख नसतात, त्यामुळे बाँड करायचाच हे अॅडमिशनच्या दिवशीच घरी सांगून ठेवा. पगार मिळतो त्यात, आणि पहिल्यांदा घरात आपला पैसा येतो. नीट पीजीचा अभ्यास इंटर्नशिपमध्ये होतो असं सगळे म्हणतात, कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगला होत नाही, पीएसएमच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पोस्टिंगला होतो, तसं वेळापत्रक करा. पीजी नाही केलं तरी सरकारी आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, यूपीएससीची सीएमएस परीक्षा आहे.

आणि लॉगबुक. प्रत्येक पोस्टिंग संपल्या दिवशीच सही घ्या, नंतर घेऊ म्हणू नका, एक सही राहिली की कम्प्लिशन सर्टिफिकेट अडतं. माझी एक राहिलीय अजून, त्या मॅडम रजेवर आहेत, सोमवारी येतील म्हणतात.